शालेय बँडसाठी वाद्यांची निवड : प्रकल्प नोंदी, जून ते सप्टेंबर 2025

16 जून 2025

आज शाळा सुरू झाली आणि या प्रकल्पाच्या नोंदींनाही आजपासूनच सुरुवात करीत आहे. आमच्या शाळेचे बँड पथक जुने आहे. परंतु आजवर ते साइड ड्रम, बेस ड्रम, झांजा, बिगुल आणि फाइफ (लहान आडवी बासरी) एवढ्यावरच चालत आले. बिगुलाला व्हॉल्व्ह नसल्यामुळे त्यावर मोजकेच स्वर निघतात आणि त्याच्या ललकाऱ्या सा, ग आणि प यांच्यापलीकडे जात नाहीत. ध्वजवंदनाला आणि संचलनाला तेवढे पुरते, पण एखादे साधे समूहगीत वाजवायचे म्हटले तरी पथक अडते. माजी विद्यार्थ्यांच्या देणगीतून यंदा पाचवी आणि सहावीतील 28 मुलांचा पूर्ण बँड उभा करायचे ठरले आहे. आम्ही सांगलीत आहोत, त्यामुळे सतार किंवा तंबोरा हवा असता तर शेजारच्या मिरजेत सारे काम झाले असते. तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. बँडच्या वाद्यांसाठी मात्र मेरठच्या जली कोठी भागाकडेच पाहावे लागते आणि आमची मागणीही तिकडेच गेली आहे.

जुन्या पथकात कोणाला कोणते वाद्य द्यायचे हा प्रश्न फारसा येत नसे. उंच मुलाच्या गळ्यात बेस ड्रम, चुणचुणीत मुलांकडे साइड ड्रम, ज्याला फुंकर जमेल त्याच्याकडे बिगुल आणि उरलेल्यांच्या हाती झांजा, अशी वाटणी मैदानावरच उरकत असे. नव्या वाद्यांच्या बाबतीत हे चालणार नाही. ही वाद्ये मुलांना काही वर्षे सांभाळायची आहेत, घरी नेऊन रियाज करायचा आहे, आणि पहिल्या काही महिन्यांत सूर लागला नाही तर दहा-अकरा वर्षांचे मूल वाद्याला दोष देत नाही, स्वतःला देते. ‘मला संगीत येत नाही’ असे म्हणून बाजूला झालेल्या अनेक मुलांच्या हाती त्यांच्या शरीराला किंवा कानाला न मानवणारे वाद्य दिले गेले होते, असे माझे मत आहे. म्हणून वाद्ये येण्याआधीचा सगळा वेळ निवडीवर खर्च करायला मुख्याध्यापकांनी परवानगी दिली, याचे मला फार समाधान आहे.

20 जून 2025

पोलीस बँडमधून निवृत्त झालेले एक वादक आम्हाला मार्गदर्शन करतात. मुले त्यांना मास्तर म्हणतात आणि आम्ही शिक्षकही तसेच म्हणतो. त्यांच्याबरोबर बसून आज वाद्यांची संख्या पक्की केली : फ्लूट चार, क्लॅरिनेट सहा, आल्टो सॅक्सोफोन तीन, ट्रम्पेट पाच, ट्रॉम्बोन (सरकत्या नळीचे पितळी वाद्य) तीन, युफोनियम (ट्युबासारखे, पण लहान पितळी वाद्य) दोन आणि तालवाद्यांवर पाच मुले. ट्युबा (सर्वांत खालच्या स्वरांचे मोठे पितळी वाद्य) परवडणारा नाही, त्यामुळे खर्जाची बाजू ट्रॉम्बोन आणि युफोनियम यांनीच उचलायची आहे. ही पाच मुले मनापासून वाजवणारी मिळाली नाहीत तर बाकीच्यांचे वादन कितीही सुरेल असले तरी ते पोकळ ऐकू येईल, आणि नेमक्या याच वाद्यांची नावे आमच्या मुलांनी ऐकलेली नाहीत. फ्रेंच हॉर्न यंदा मुद्दाम वगळला. त्याचे स्वर वरच्या भागात एकमेकांच्या इतके जवळ येतात की ओठांचा ताण थोडा बदलला तरी शेजारचा स्वर लागतो. ज्याचा कान आधीच पक्का आहे अशाच मुलाला तो द्यावा आणि असे मूल सापडल्यावरच मागवावा, असे मास्तरांचे म्हणणे आहे व ते मला पटले.

स्वरांच्या पट्टीचा विचारही आजच केला. क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट ही काळी पाचची वाद्ये आहेत (म्हणजे त्यांचा सा पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीला लागतो), ट्रॉम्बोन आणि युफोनियम यांचा मूळ स्वरही तोच, आल्टो सॅक्सोफोन काळी दोनचा आणि फ्लूट पांढरी एकचा. काळी पाचला सा धरला तर बहुतेक मुलांचे पहिले पाच स्वर सोपे जातील. आमची मुले प्रार्थनेला पेटीवर गातात, सारेगम त्यांच्या ओळखीचा आहे, त्यामुळे पहिल्या टप्प्यात स्वरांची नावे तीच ठेवायची आणि स्टाफ नोटेशन (पाच रेषांवरचे पाश्चात्त्य स्वरलेखन) हळूहळू आणायचे असे ठरले.

28 जून 2025

आज पालकसभा झाली. पालकांच्या शंका मी सविस्तर लिहून ठेवीत आहे, कारण मुलाच्या निवडीवर त्यांचा परिणाम आमच्या कोणत्याही चाचणीपेक्षा अधिक होतो.

पहिली अडचण क्लॅरिनेटची निघाली. एका वडिलांनी स्पष्टच विचारले की वरातीत वाजते ते वाद्य माझ्या मुलीच्या हातात कशासाठी द्यायचे. मला या प्रश्नाचा राग आला नाही, पण वाईट वाटले, कारण लग्नाच्या बँडमधील कलाकारांनीच तर ही वाद्ये आपल्या गावागावांत जिवंत ठेवली आहेत आणि त्यांच्यातील अनेकांची फुंक, बोटांची तयारी आणि गाणे उचलण्याची हातोटी कोणालाही हेवा वाटावी अशी असते. मास्तर उठले, त्यांनी पेटीतून आपले क्लॅरिनेट काढले आणि भूपातली एक संथ आलापी वाजवून दाखवली. त्यानंतर त्या गृहस्थांनी मुलीला चाचणीला बसवण्यास संमती दिली.

दुसरी अडचण मुलगे आणि मुली यांच्यातील वाटणीची. मुलींना फ्लूट द्या, मुलांना ड्रम आणि ट्रम्पेट द्या, अशी अपेक्षा अनेकांनी अगदी सहज बोलून दाखवली. ही समजूत आपल्याकडचीच आहे असे नाही. हॅरोल्ड एबल्स आणि सुझन पोर्टर यांनी 1978 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तेथील प्रौढांनीही मुलींसाठी फ्लूट, क्लॅरिनेट आणि व्हायोलिन, तर मुलांसाठी ड्रम, ट्रॉम्बोन आणि ट्रम्पेट पसंत केल्याचे आढळले होते. मी सभेत एवढेच सांगितले की फुंकेला, ओठांना आणि बोटांना मुलगा-मुलगी हा भेद ठाऊक नसतो, आणि चाचणी होईपर्यंत घरी कोणत्याही वाद्याची शिफारस करू नये.

वजनाचाही प्रश्न आला आणि तो रास्त होता. 2020 च्या दप्तर धोरणानुसार दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा अधिक असू नये. तीस किलोच्या मुलाच्या वाट्याला त्यातून तीन किलो येतात. फ्लूट अर्ध्या किलोच्या आतली असते आणि ट्रम्पेट साधारण किलोभराचा, पण आल्टो सॅक्सोफोन अडीच किलोच्या आसपास जातो आणि युफोनियम चार किलोच्या. खोक्याचे वजन त्यात धरलेले नाही. म्हणून युफोनियमच्या दोन्ही मुलांना घरी फक्त माउथपीस (ओठांना लावून फुंकायचा सुटा भाग) न्यायचा आणि वाद्यावरचा रियाज शाळेत मधल्या सुट्टीत करायचा, अशी सोय केली आहे.

1 जुलै 2025

आजचे काम माझ्या दृष्टीने या प्रकल्पाचा गाभा होते. संगीताच्या वर्गात मधोमध सतरंजीचा पडदा टांगला, त्यामागे मास्तर आणि त्यांचे दोन सहकारी बसले आणि सगळ्या वाद्यांवर एकच लहानशी चाल एकाच लयीत वाजवली गेली. मुलांना वाद्य दिसू द्यायचे नव्हते. पितळेची चकाकी, वाद्याचा आकार, ‘हे मुलांचे, ते मुलींचे’ ही ऐकलेली वाक्ये यांपैकी काहीही मध्ये न येता फक्त नाद कानावर पडावा असा हेतू होता. अमेरिकन संगीतशिक्षक एडविन गॉर्डन यांनी 1984 मध्ये नादपसंतीची जी चाचणी तयार केली, तिच्यातही एकच चाल सात वेगवेगळ्या कृत्रिम नादांत जोडी-जोडीने ऐकवून मुलाची आवड विचारली जाते. आमच्याकडे ती चाचणी नाही, पण तिच्यामागचा विचार मला फार मोलाचा वाटतो : जो नाद मुलाला ऐकावासा वाटतो, तो निर्माण करण्यासाठी ते मूल कंटाळवाणा रियाजही सोसते.

मुलांनी कागदावर नादाचा क्रमांक आणि एक-दोन शब्दांत कारण लिहायचे होते. तीच कारणे मी घरी आणून पुन्हा पुन्हा वाचली. ट्रॉम्बोनच्या क्रमांकापुढे एका पाचवीतल्या मुलीने ‘आजोबांच्या आवाजासारखा’ असे लिहिले होते. क्लॅरिनेटपुढे एकाने ‘रात्रीचा’ एवढाच शब्द लिहिला. पडदा काढण्याआधी पाहिले तर युफोनियमचा नाद आवडलेली मुले आम्हाला हवी होती त्याहून जास्त निघाली. पडदा काढल्यावर त्यांतल्या काहींचा उत्साह वाद्याचा आकार पाहून मावळला आणि काहींचा दुप्पट झाला, पण खर्जासाठी मुले मिळणार नाहीत ही माझी चिंता आज बरीच कमी झाली. जी वाद्ये मुलांना माहीतच नाहीत त्यांसाठी मुले पुढे येत नाहीत, यात मुलांच्या आवडीचा दोष नाही. ती वाद्ये आपण त्यांना कधी ऐकवलेली नसतात.

3 जुलै 2025

कान आणि लय यांची पाहणी. प्रत्येक मुलाने पेटीवर वाजवलेल्या तीन-चार स्वरांची ओळ गाऊन दाखवायची, मग दोन स्वरांतला उंच कोणता ते सांगायचे, आणि शेवटी टाळी वाजवत खोलीभर चालायचे. त्याच वेळी मी मुद्दाम वेगळ्या लयीत बोलत राहायचे. ही परीक्षा नाही आणि यावरून कोणालाही वगळले जाणार नाही, हे सुरुवातीलाच सांगितले.

स्वर अचूक उचलणारी मुले ट्रॉम्बोनच्या यादीत टिपून ठेवली. ट्रॉम्बोनच्या स्लाइडला, म्हणजे सरकत्या नळीला, सात स्थाने असतात आणि प्रत्येक स्थान अर्ध्या स्वराने खाली नेते, पण त्या स्थानांवर कुठलीही खूण नसते, त्यामुळे हात कुठे थांबवायचा हे शेवटी कानच ठरवतो. सारंगी किंवा व्हायोलिन शिकणाऱ्याची अडचण हीच असते. उलट ज्यांचा स्वर अजून डळमळतो त्यांच्यासाठी सॅक्सोफोनची कळ दाबली की बराचसा सूर जागेवर येतो. अशी मुले तिथे सुरुवात करून कान तयार करू शकतात.

8 जुलै 2025

आज फ्लूट, क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन. पूर्ण वाद्य कोणाच्याही हातात दिले नाही, फक्त फुंकेचा भाग दिला. प्रत्येक मुलानंतर माउथपीस कोमट पाण्याने व सौम्य साबणाने धुऊन जंतुनाशकाने पुसला. उकळते पाणी वापरू नये, कारण त्याने प्लॅस्टिकचा आकार बिघडतो आणि एबोनाइटचा (कडक रबराचा) रंग उडतो. रीड (माउथपीसवर बसवायची, फुंकेने कंप पावणारी पातळ पट्टी) मात्र प्रत्येकाला स्वतंत्र दिली, ती कोणत्याही परिस्थितीत दुसऱ्याच्या तोंडात जाता कामा नये.

फ्लूटचा वरचा तुकडा हातात घेऊन फुंकला की साधारण पांढरी सहा ऐकू येते आणि दुसरे टोक तळहाताने बंद केले की तीच एक सप्तक खाली जाते. जे मूल थोड्या प्रयत्नात हे दोन्ही स्वर काढते आणि धरून ठेवते, त्याची फ्लूटवर सुरुवात चांगली होते. बाटलीच्या तोंडावर फुंकर घालून ज्यांनी शिट्टी वाजवली आहे त्यांना हे लगेच साधते. ज्यांच्या वरच्या ओठाच्या मध्यभागी थेंबासारखा टोकदार उंचवटा आहे, त्यांच्या फुंकेची धार दुभंगते आणि स्वराबरोबर बरीच हवा ऐकू येते; अशा मुलांना मी फ्लूट नाकारत नाही, पण त्यांना ओठ थोडे बाजूला ठेवून वाजवून पाहायला लावते आणि तरीही जमले नाही तर रीडच्या वाद्याकडे वळवते. घरी बांबूची बासरी वाजवणाऱ्या एका सहावीतल्या मुलाने पहिल्याच फुंकेत स्वच्छ स्वर काढला. काही मुलांना पाचसहा फुंकांनंतर चक्कर आल्यासारखे झाले. हे स्वाभाविक असते. फ्लूटमध्ये हवेला अडवणारे काहीच नसल्यामुळे दम फार लवकर संपतो. त्यांना खाली बसवून पाणी दिले.

क्लॅरिनेटसाठी सर्वांत आधी बोटे पाहिली. या वाद्याला उघडी भोके असतात. समोरची सहा आणि डाव्या अंगठ्याखालचे एक. ती बोटाच्या गादीने पूर्ण झाकली गेली नाहीत तर स्वर किंचाळतो. पाचवीतील अगदी लहान चणीच्या मुलांची बोटे भोकांवर पोहोचतात, पण झाकत नाहीत. अशा मुलांसाठी एक वर्ष थांबणे हाच योग्य सल्ला आहे, किंवा मग झाकणांच्या कळा असलेले फ्लूट किंवा सॅक्सोफोन. वाद्याचा भार उजव्या अंगठ्यावर येतो, त्यामुळे अंगठा दुखतो का हेही विचारले. क्लॅरिनेटची आणखी एक अडचण पुढे येणार आहे आणि ती पालकांना आत्ताच सांगून ठेवलेली बरी : फ्लूटवर आणि सॅक्सोफोनवर तीच बोटे ठेवून वरच्या सप्तकात गेले की सा चा सा च राहतो, पण क्लॅरिनेटवर अंगठ्याची कळ दाबली की सा च्या जागी पुढच्या सप्तकाचा प येतो. त्यामुळे बोटांचे दोन नकाशे शिकावे लागतात. चिकाटीचे, थोडे अबोल, एकच गोष्ट दहादा करून पाहणारे मूल इथे रमते.

सॅक्सोफोनचा माउथपीस वाद्याच्या मानेला (वरच्या वाकड्या नळीला) जोडून फुंकला की आल्टोचा स्वर काळी चारच्या आसपास यायला हवा. स्वर फार वर गेला तर मूल रीड चावते आहे असे समजायचे. स्वर लवकर निघत असल्यामुळे हे वाद्य मुलांना फार आवडले आणि तीनच जागा असल्याचे सांगावे लागले.

11 जुलै 2025

पितळी वाद्यांची पाहणी. आधी माउथपीसही न देता ओठ मिटून घोड्यासारखे फुरफुरायला आणि मग ओठांचे कोपरे घट्ट धरून गुंजन करायला सांगितले. नंतर ट्रम्पेटचा आणि ट्रॉम्बोनचा असे दोन्ही माउथपीस प्रत्येकाला आलटून पालटून दिले. ट्रम्पेटच्या माउथपीसचा आतला व्यास 16 ते 17 मिलिमीटर असतो आणि ट्रॉम्बोनचा सुमारे 25, म्हणजे दोन्हींत ओठांचा किती भाग कंप पावतो यात मोठा फरक पडतो.

पातळ ओठांना ट्रम्पेट आणि जाड ओठांना ट्रॉम्बोन, हा नियम मी अनेकांकडून ऐकत आले आहे आणि आज दिवसभर तो मनात ठेवून पाहत होते. मला तो मुलांच्या बाबतीत जपून वापरावा असा वाटतो. भरलेल्या ओठांची एक मुलगी ट्रम्पेटच्या माउथपीसवर खालून वर आणि वरून खाली अशी सलग घसरती मींड काढत होती, आणि अगदी पातळ ओठांचा एक मुलगा मोठ्या माउथपीसवर आल्यावरच मोकळा झाला. आरशात पाहून ओठांचे माप घेण्यापेक्षा दोन्ही माउथपीसवर फुंकून घेतलेले उत्तर खरे असते. ते उत्तर मूल स्वतःही ओळखते. कुठल्या माउथपीसवर सोपे वाटले असे विचारल्यावर जवळजवळ कोणीच घोटाळले नाही.

दातांबाबत : या वयात पुढचे कायमचे दात आलेले असतात, पण सुळे आणि त्यांच्या मागचे दात पडत-येत असतात. दात हलतो आहे म्हणून पितळी वाद्य नाकारण्याची गरज नाही, मात्र त्या आठवड्यांत माउथपीस ओठांवर दाबू द्यायचा नाही. ज्या दोन मुलांना लवकरच दातांना तारा बसणार आहेत त्यांच्या पालकांना दंतवैद्यांशी बोलून घ्यायला सांगितले. तारा असतानाही वाजवता येते, पण ट्रम्पेटच्या लहान कडेचा दाब ओठांच्या आतल्या बाजूला खुपतो, त्यामुळे त्यांच्यासाठी युफोनियम किंवा फ्लूटचा विचार आधी करावा. दम्याचा त्रास असलेल्या मुलाबाबत निर्णय आम्ही घ्यायचा नाही. त्याच्या डॉक्टरांची चिठ्ठी मागितली आहे.

ट्रॉम्बोनसाठी हाताची लांबीही पाहिली. सातवे स्थान पाचवीच्या बहुतेक मुलांच्या हाताला लागत नाही, परंतु पहिल्या वर्षीचे जवळजवळ सारे स्वर पहिल्या सहा स्थानांत बसतात, त्यामुळे यावरून कोणाला मागे ठेवलेले नाही.

15 जुलै 2025

तालवाद्ये. अपेक्षेप्रमाणे आज खोलीत उभे राहायला जागा नव्हती. गणपतीच्या दिवसांत ढोल-ताशा पथकात जाणारी मुले आमच्याकडे बरीच आहेत आणि त्यांच्या अंगात लय भिनलेली आहे. ताशाच्या दोन बारीक काड्या चालवणाऱ्या मुलाला साइड ड्रमवर यायला फारसा वेळ लागत नाही. ढोलाच्या टिपरूवर हात बसलेल्यांचा ठोका दमदार असतो, पण दोन्ही हातांचा आवाज सारखा काढायला त्यांना नव्याने शिकावे लागते. मी प्रत्येकाला उजवा-डावा, उजवा-डावा एवढेच अतिशय संथ लयीत वाजवायला दिले. जलद वाजवून दाखवणे अनेकांना येते, पण संथ लयीत टिकून राहणे फार थोड्यांना येते, आणि बँडला दुसरी गोष्ट हवी असते.

ज्यांना ड्रम हवा त्यांना घंटातरंगासारखी स्वरांची तालवाद्येही वाजवावी लागतील आणि गाणे चालू असताना अनेक मात्रा मोजत गप्प उभे राहावे लागेल, हेही सांगितले. त्यावर काहींनी आपणहून दुसरी पसंती लिहायला कागद मागितला. सराव बंद खोलीत होणार असल्यामुळे ड्रमच्या मुलांसाठी कानाच्या बुचांची व्यवस्था खरेदीच्या यादीत घातली.

18 जुलै 2025

आज मुलांकडून तीन-तीन पसंती लिहून घेतल्या, त्याही शाळेतच, घरी न पाठवता. प्रत्येकाशी काही वेळ एकट्याने बोलले. ‘मित्राने ट्रम्पेट घेतला म्हणून मलाही’ असे सांगणाऱ्या मुलाला मी ते चूक आहे असे म्हटले नाही. मित्र शेजारी असणे हेदेखील या वयात रियाज टिकण्याचे मोठे कारण असते. पण पडद्यामागचे वाद्य ऐकून त्याने काय लिहिले होते तो कागद त्याच्यासमोर ठेवला. त्याने तो वाचला आणि पहिल्या क्रमांकावर युफोनियम लिहून ट्रम्पेट दुसऱ्यावर नेला.

ज्या वडिलांनी वरातीचा प्रश्न काढला होता त्यांच्या मुलीने तिन्ही ठिकाणी क्लॅरिनेटच लिहिले. तिची बोटे भोके नीट झाकतात.

22 जुलै 2025

वाटप जाहीर केले. प्रत्येक मुलाच्या नावासमोर चार गोष्टी ठेवल्या होत्या : नादाची आवड, कान व लय, शरीराची सोय आणि मुलाची लेखी पसंती. चारही जुळत असतील तिथे प्रश्नच नव्हता. जिथे जुळत नव्हत्या तिथे मास्तर शरीराच्या सोयीला अधिक वजन देत होते आणि मी नादाच्या आवडीला. आमचे यावर बराच वेळ बोलणे झाले. त्यांचा मुद्दा असा की पहिल्या महिन्यात सूर निघाला नाही तर आवड टिकत नाही. माझा असा की सोयीचे पण नावडते वाद्य मूल वर्षभर निमूटपणे वाजवते आणि मग सोडून देते, आणि तोवर आपल्याला पत्ताही लागत नाही. शेवटी असे ठरले की शरीराची अडचण वयाबरोबर सुटणारी असेल तर आवड मान्य करायची आणि तोवर मदत करायची, आणि ती न सुटणारी असेल तर त्याच नादाच्या जवळचे दुसरे वाद्य सुचवायचे. फ्लूट हवी पण स्वर दुभंगतो अशा मुलीला क्लॅरिनेट, ट्रम्पेट हवा पण लहान माउथपीस सोसत नाही अशा मुलाला युफोनियम, अशी काही नावे या नियमाने बसली.

जवळजवळ सर्वांना पहिल्या दोन पसंतींपैकी एक वाद्य मिळाले. ज्यांना तिसरी मिळाली त्यांना आणि त्यांच्या पालकांना वेगळे बोलावून कारण सांगितले, आणि गणपतीच्या सुट्टीआधी फेरविचार होईल हेही लेखी दिले. ड्रमची मागणी अर्थातच पाच जागांपेक्षा फार मोठी होती. उरलेल्या मुलांपैकी काहींना जुन्या संचलन पथकात घेतले आहे, ते पथक आम्ही बंद केलेले नाही.

30 जुलै 2025

संततधार पावसामुळे हवेतील ओल फार वाढली आहे. रीडवर बुरशीचे डाग दिसू लागले, म्हणून वाजवून झाल्यावर रीड काढून पुसायची आणि सपाट ठेवून वाळवायची, माउथपीसवर तशीच सोडायची नाही, हा नियम केला. फ्लूटच्या कळांखालच्या गाद्या ओलीने चिकटतात. पातळ कागद दाबून टिपून घ्यायचे दाखवले.

13 ऑगस्ट 2025

स्वातंत्र्यदिनाला नव्या बँडने वाजवावे असा आग्रह काही जणांकडून आला. मी नम्रपणे नकार दिला व मुख्याध्यापकांनी तो उचलून धरला. मुलांना वाद्य हातात घेऊन थोडेच दिवस झाले आहेत. घाईने एखादे गीत बसवायचे तर ज्याचा स्वर निघत नाही त्याला नुसते वाद्य धरून उभे करावे लागेल, आणि त्या मुलाच्या मनात आपले वाद्य चुकले ही शंका कायमची बसेल. ध्वजवंदनाला जुने बिगुल पथकच वाजवील, नवी मुले रांगेत उभी राहून राष्ट्रगीत गातील.

23 ऑगस्ट 2025

गणपतीच्या सुट्टीआधीचा फेरविचार आज केला. प्रत्येक मुलाने पाच स्वर सलग वाजवायचे, एक स्वर जमेल तितका लांबवायचा आणि घरी वाद्य आपणहून कितीदा हातात घेतो ते सांगायचे, एवढेच विचारले. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मी पालकांकडूनही स्वतंत्रपणे घेतले, कारण निवड बरोबर झाली की नाही हे तपासण्याचे याहून चांगले साधन मला माहीत नाही. पाच स्वर अडखळत वाजवणारी पण घरी कोणी न सांगता खोके उघडणारी मुले माझ्या दृष्टीने योग्य वाद्यावर आहेत. त्यांना वेळ द्यायचा. पाचही स्वर स्वच्छ वाजवणारा एक मुलगा मात्र आईने सांगितल्याशिवाय सॅक्सोफोनला हात लावत नाही असे कळले. त्याच्याशी बोलल्यावर पडद्यामागे त्याला ट्रॉम्बोनचा नाद आवडला होता, पण शेजारच्या मुलांनी स्लाइड पाहून हसू केले म्हणून त्याने नाव खोडले, असे त्याने सांगितले. मी त्याचा जुलैचा कागद काढून पाहिला तेव्हा खोडलेला क्रमांक त्यावर दिसत होता.

दुसरीकडे ट्रम्पेटवरील एका मुलीच्या ओठांवर प्रत्येक सरावानंतर लाल वळ उठतो. ती माउथपीस दाबूनच वरचा स्वर काढते. मास्तरांच्या मते दोन आठवडे फक्त खालचे स्वर वाजवून पाहावे आणि वळ कमी झाला नाही तरच बदल सुचवावा.

12 सप्टेंबर 2025

फेरविचारानंतरचे बदल आजपासून अमलात आले. सॅक्सोफोनवरचा मुलगा ट्रॉम्बोनवर आला. ट्रॉम्बोनवरील एका मुलीला सॅक्सोफोनची ओढ होती आणि तिचा हातही स्लाइडला कमी पडत होता, त्यामुळे दोघांची अदलाबदल सहज झाली. त्या मुलाचा कान जुलैच्या पाहणीतच चांगला नोंदवलेला आहे. पहिल्या तासाला त्याने तिसरे आणि चौथे स्थान पेटीच्या स्वराशी स्वतः जुळवून घेतले. ट्रम्पेटवरील मुलीचा वळ उतरला आहे, ती ट्रम्पेटवरच राहील. क्लॅरिनेटच्या एका पाचवीतल्या मुलाची बोटे अजूनही खालची भोके पूर्ण झाकत नाहीत, परंतु वाद्य सोडायला तो तयार नाही. त्याला वरच्या तुकड्यावरचेच स्वर देऊन या वर्षाचे धडे वेगळे लिहून द्यायचे ठरले आहे आणि ते काम मी घेतले आहे.

पुढील फेरविचार दिवाळीच्या सुट्टीनंतर होईल. त्याआधी क्लॅरिनेटच्या दोन क्रमांकाच्या रीड, व्हॉल्व्हचे तेल आणि स्लाइडचे मलम मागवायचे आहे, आणि पुढच्या वर्षीच्या पाचवीसाठी पडद्यामागील वादनाचे ध्वनिमुद्रण मास्तरांकडून करून घ्यायचे आहे.